आबा, तुम्ही इथे कामी आलात

वेंडेनरोडे, ब्राउनश्वाइगजवळ
रविवार, २१ नोव्हेंबर १९६५

तीर्थरूप आबांच्या चरणी श्रीनाथचा गुडघे टेकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण इथली जमीन सध्या इतकी गार आहे की घातलेला माणूस परत उठेल याची खात्री नाही. राहिलेला भाग घरी आल्यावर पुरा करीन.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूचा दमा थंडीत उसळतो, तिला पहाटे अंगणात जाऊ देऊ नका. म्हशीची प्रकृती विचारत नाही, कारण ती तुम्ही न विचारता कळवता. मी इथे ठीक आहे. दोन वेळा जेवतो, कोट घालतो आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे कुणाशी राजकारणावर बोलत नाही. खरं सांगायचं तर कशावरच बोलत नाही.

तुमचं कार्ड पावलं. वाचून आनंद झाला असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पाच ओळींच्या कार्डात तीन ओळी म्हशीवर (आटली, पुन्हा पान्हावली, शिंग मोडता मोडता वाचलं), एक काकूच्या दम्यावर, आणि उरलेल्या एका ओळीत तुम्ही लढाई पुकारलीत: "२६ जानेवारीच्या सत्काराला मी जाणार नाही, तसे दिनकररावांना तू कळवावेस." का जाणार नाही, ते नाही. सोसायटीचे चेअरमन दिनकरराव तुमच्यापासून तीन घरं सोडून राहतात, रोज सकाळी तुमच्याच दारावरून दूध घालायला जातात, आणि त्यांना निरोप सांगायला तुम्ही माणूस नेमलात तो समुद्रापलीकडचा. असो. सप्टेंबरातल्या लढाईनंतर सगळ्याच गावांना आपापले जुने शिपाई एकदम आठवले, तसे आपल्या आसवड्यालाही आठवले असणार. शाळेच्या पटांगणात मांडव, लाउडस्पीकर, हेडमास्तरांचं भाषण, आणि पलटणीतून परत आलेल्यांना ओळीनं खुर्च्यांवर बसवून शाल-श्रीफळ. तुमच्या सांगण्यावरून मी दिनकररावांना पत्र टाकलंय. काय लिहिलं ते शेवटी सांगतो. त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानांवर घालायची आहे, ती बाजेवर बसून वाचा आणि काकूला आधीच सांगून ठेवा की तुम्ही धडधाकट आहात. (तिला ते दिसत असेलच, पण तरी सांगा.) गोष्ट अशी की, आबा, गेल्या रविवारी तुम्ही इथे इटलीच्या आघाडीवर कामी आलात. सगळ्या गावानं टोप्या काढून तुम्हाला मानवंदना दिली. बँड वाजला. मी स्वतः हजर होतो.

आता हे कसं झालं ते मुळापासून सांगतो. वेंडेनरोडे म्हणजे एक चर्च, एक साखर कारखाना, एक बँड, आणि दोन बेकऱ्या, ज्यांच्या मालकांचं एकमेकांशी बोलणं नाही. ऊस गोड असतो हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण बीट गोड असतं हे सिद्ध करायला इथे डॉक्टर व्हावं लागतं, म्हणून हंगाम सुरू झाला की आमचे प्रोफेसर मला ब्राउनश्वाइगहून उचलून या कारखान्याच्या लॅबोरेटरीत आणून ठेवतात. हा माझा इथला दुसरा हंगाम. गावभर शिजलेल्या मातीसारखा वास असतो. ब्राउनश्वाइगला आपली चार मुलं आहेत, तिथे निदान भांडायला मराठी मिळतं. इथे ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत मराठी ऐकू येतं ते मी रस उकळताना स्वतःला शिव्या देतो तेवढंच. काकूनं दिवाळीला पाठवलेला चिवडा येईपर्यंत त्याचं पीठ झालं होतं. तो मी चमच्यानं खाल्ला, आणि खाताना डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं आलं असं घरमालकिणीला सांगितलं. तिनं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि आणखी एक दिवा लावला.

ही घरमालकीण म्हणजे फ्राऊ ल्यूडर्स. ('फ्राऊ' म्हणजे आपल्याकडचं 'बाई'.) वय पन्नाशीच्या पुढे, एकटीच राहते, घर इतकं स्वच्छ की मी जिन्यावरून बूट हातात घेऊन चढतो. तिचा नवरा विल्हेल्म लढाईत गेला. त्याचा फोटो बैठकीत आहे, लष्करी पोशाखातला, आणि त्याच्या टोपीवर पुढे जिथे चिन्ह असतं तिथे फोटोला भोक आहे. गेल्या वर्षी मी मूर्खासारखा त्या भोकाबद्दल विचारून बसलो. नखं कापायच्या कात्रीनं मीच कापलं, म्हणाली, त्याला त्याची गरज नव्हती. एवढं बोलून ती बटाटे सोलायला गेली. पुन्हा मी कधी विचारलं नाही.

माझ्या खोलीत भिंतीवर तुमचा फोटो आहे. सातारच्या स्टुडिओतला, मिशा पीळ दिलेल्या, खाली इंग्रजीत पांढऱ्या शाईनं 'हवालदार यशवंत बाबाजी शेलार'. काकूनं तो मला न सांगता ट्रंकेच्या तळाशी घातला होता. खरं म्हणजे तिथे वडिलांचा लावायचा, पण वडिलांचा फोटो कुठे आहे? काकू म्हणायची, तुझा बाप अगदी ह्यांच्यासारखा दिसायचा, फक्त हसरा. म्हणून मी अधूनमधून तुमच्या फोटोपुढे बसतो, मिशा काढतो, त्या जागी हसू घालतो आणि वडील तयार करून बघतो. मिशा निघतात. हसू काही केल्या तुमच्या तोंडावर बसत नाही. (राग मानू नका. स्टुडिओवाल्यानंही प्रयत्न केला असेलच.)

तर गेल्या वर्षी पहिल्या आठवड्यात फ्राऊ ल्यूडर्स चादर बदलायला आली आणि तिनं फोटोकडे बोट दाखवून विचारलं, वडील का? तेव्हा गावठी जर्मन ऐकून माझी बोबडी वळायची आणि सुटकेचा एकच शब्द तोंडात यायचा, तो म्हणजे 'जा'. जा म्हणजे हो. आता हे चुलते, पण आई गेल्यापासून यांनीच वाढवलं, शाळेत यांनीच नेऊन घातलं, लहानपणी यांनाच मी बाप समजायचो, हे सगळं सांगायचं म्हणजे क्रियापदं लागतात. मी म्हटलं, जा. तिनं विचारलं, लढाईत गेले? वडील लढाईत गेले हे खरंच आहे. म्हटलं, जा. कुठे? इटली. आबा, यात एकही उत्तर खोटं नव्हतं, फक्त ती दोन वेगवेगळ्या माणसांची होती. तिनं माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला आणि चादर घेऊन खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून मला न्याहारीला अंडं मिळू लागलं. मला वाटलं, ही इथली पद्धत असेल. नोव्हेंबरात तुमच्या फोटोखाली मेणबत्ती आली, ती मला विजेची काटकसर वाटली. म्हणजे दोन हंगाम मी तुमच्या मरणाचं अंडं खातोय आणि मला पत्ता नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला हेर ब्रांडेस घरी आले. ('हेर' म्हणजे 'राव' समजा.) दोन बेकऱ्यांतल्या वरच्या आळीच्या बेकरीचे मालक, आणि गावातल्या जुन्या शिपायांच्या मंडळाचे अध्यक्ष. डावा हात कोपरापासून नाही, पण उजव्यानं असा ब्रेड करतात की तुमच्या भाकरीची आठवण पुसट होते. (काकूच्या भाकरीची नव्हे. तुमच्या.) त्यांनी काखेतला ब्रेड टेबलावर ठेवला, टोपी काढली आणि मला रीतसर आमंत्रण दिलं, की रविवारी गावात सैनिकांचा दिवस आहे, तुमच्या घराण्यातही शिपाई आहेत असं फ्राऊ ल्यूडर्सकडून कळलं, तर तुम्ही यावं. मी म्हटलं, येतो. आणि माझ्या डोक्यात लगेच आसवडे उभं राहिलं. सैनिकांचा दिवस म्हणजे मांडव, खुर्च्या, सत्कार. बाहेरच्या पाहुण्याला बोलावतात म्हणजे दोन शब्दही बोलायला लावणार. रिकाम्या हातानं कसं जायचं? तुम्हीच शिकवलंय, कुणाच्या कार्याला गेलं तर हात हलवत जाऊ नये. मी ठरवलं, हेर ब्रांडेसना आपल्या पद्धतीनं शाल आणि श्रीफळ द्यायचं.

शाल घरात होती, काकूनं निघताना दिलेली तपकिरी. (हे वाक्य काकूला वाचून दाखवू नका.) नारळासाठी मी कामाला अर्धी सुटी टाकून ब्राउनश्वाइगला गेलो. एका मोठ्या दुकानात संत्र्यांच्या ढिगावर शोभेसाठी एकुलता एक ठेवला होता. विकायचा नाही म्हणाले. मी तिथेच उभा राहिलो. मग मॅनेजर आला, त्यानं मला हा कशाला हवा असं विचारलं, मी म्हटलं सन्मानासाठी, आणि का कोण जाणे, पण त्यानं तो मला देऊन टाकला. नीट पाहिला तर त्याला शेंडी नव्हती. इथे येणारे सगळे नारळ तासून गुळगुळीत केलेले असतात. शेंडी नसलेला नारळ देवाला चालत नाही हे मला ठाऊक आहे, पण हेर ब्रांडेस देव नाहीत, बेकर आहेत, असं मनाचं समाधान करून मी परतीची बस धरली. बसमध्ये एका बाईनं मला तो कापडात गुंडाळलेला पाहून बाजूला सरकून जागा दिली. तिला ते काय वाटलं, देव जाणे.

राहता राहिला कोट. माझ्याकडे थंडीचा एकच कोट आहे, तो तुमचा. मुंबईला बोटीवर चढताना तुम्ही आपला पलटणीतला ओव्हरकोट माझ्या अंगावर घातलात आणि म्हणालात, जर्मनांची थंडी मला माहीत आहे. (तुम्ही होतात इटलीत, पण तुमच्या मते तिथली थंडीही जर्मनांनीच बरोबर आणली होती.) शनिवारी मी त्याची पितळी बटणं दंतमंजन लावून घासली, कारण बटण चमकलं नाही तर माणूस पलटणीतला नव्हे. रविवारी सकाळी बटणं चमकवत, काखेत शाल, खिशात नारळ, असा मी फ्राऊ ल्यूडर्सच्या बरोबर निघालो. तिनं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वतःचा काळा हातरुमाल काढून माझ्या वरच्या खिशात खोचला.

चर्चच्या मागे लिंबाची झाडं आहेत. (आपलं कडुलिंब नव्हे, इथे लिंडे म्हणतात.) त्यांच्याखाली एक मोठा दगड. भुरभुर पाऊस, सगळं गाव काळ्या कपड्यांत. मांडव नाही, खुर्ची नाही, लाउडस्पीकर नाही. मी सत्कारमूर्ती शोधू लागलो तर जुने शिपाई सगळ्यांत मागे, माना खाली घालून, शाळेत पट्टी खाल्ल्यासारखे उभे. हेर ब्रांडेस त्यांच्यातच. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. इथे परत आलेल्यांना काही द्यायचं नसतं. हा दिवस जे परत आले नाहीत त्यांचा, आणि परत आलेल्यांनी त्या दिवशी फक्त भिजायचं असतं. आणि त्या सगळ्या काळ्या गर्दीत मी एकटा खाकी, त्यांच्या दुश्मनाच्या कोटात, छातीवर दंतमंजन घासलेली बटणं घेऊन, खिशाला भलंमोठं टेंगूळ. लोक बघत होते. कुणी काही बोललं असतं तर बरं असं वाटलं. मग हेर ब्रांडेस गर्दीतून आले, माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं, आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे." एवढंच. पण परत मागे न जाता ते माझ्याच शेजारी उभे राहिले.

बुर्गरमाइस्टर, म्हणजे इथले नगराध्यक्ष, चष्मा लावून नावं वाचू लागले. या दगडावर नावं कोरलेली आहेत, आबा, एकेकाचं पूर्ण नाव. मला आपल्या चावडीपुढची संगमरवरी फरशी आठवली, पहिल्या लढाईनंतर इंग्रजांनी बसवलेली: या गावातून इतके गेले, इतके कामी आले. नुसता आकडा. लहानपणी मी त्या आकड्यात वडिलांना शोधायचो आणि तुम्ही म्हणायचात, अरे ती आधीची लढाई, त्यात तुझा बाप नाही. दुसऱ्या लढाईचा तर आकडाही कुणी लावला नाही. साहेब निघून गेले आणि आपल्या लोकांना वाटलं, ती साहेबाची लढाई होती. असं सगळं मनात चाललं होतं तेवढ्यात विल्हेल्म ल्यूडर्सचं नाव आलं. फ्राऊ ल्यूडर्स हलली नाही, फक्त पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नावं संपली. बुर्गरमाइस्टरांनी चष्मा पुसला, एक कागद खिशातून काढला आणि घरी चार-पाचदा म्हणून बघितल्यासारखं, सावकाश, तुमचं नाव वाचलं. यास्वांत बाबायी शेलार.

पहिल्यांदा मला हसूच फुटलं. मी तोंड उघडून सांगणारही होतो, की महाराज, थांबा, ते जिवंत आहेत, म्हैस पाळतात. पण बँडनं एक संथ धून धरली, सगळ्यांनी टोप्या काढल्या, हेर ब्रांडेसनी एका हातानं माझीही काढली, आणि आबा, मी रडलो. हमसून हमसून रडलो. तुमच्यासाठी नाही, तुम्ही ठणठणीत आहात. दोन वर्षांत या गावात माझ्या घरातलं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते आज भर पावसात, उघड्या डोक्यानं घेतलं, आणि तेही चुकीचं घेतलं. जे घ्यायचं होतं ते इतकं जवळ येऊन पुन्हा राहिलं. मला तेव्हा तुमचा रागही आला. कशाचा आला ते सांगता येत नाही.

मग एकेक जण पुढे जाऊन दगडापाशी हिरवी डहाळी ठेवू लागला. माझी पाळी आली. माझ्याकडे डहाळी नव्हती. मी खिशातून नारळ काढला. तो फोडायचा असतो हे आठवलं, पण त्या शांततेत नारळ फोडायची माझी छाती झाली नाही, म्हणून तसाच ठेवला. शेंडी नसल्यामुळे तो थांबेना. गडगडत सरळ बुर्गरमाइस्टरांच्या बुटापाशी गेला. ते वाकले, दोन्ही हातांनी उचलला, परत जागेवर ठेवला आणि सर्वांत मोठं पुष्पचक्र थोडं सरकवून त्याला आडोसा दिला. एकाही माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. राहिली शाल. ती कुणाला द्यायची ते सुचेना, आणि फ्राऊ ल्यूडर्स थंडीनं कुडकुडत होती, म्हणून मी ती तिच्या खांद्यांवर घातली. तिला वाटलं, हाही आमच्या विधीचा भाग आहे. ती ताठ उभी राहिली. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. वीस-एकवीस वर्षांत तिला कुणी काही पांघरलं नसावं.

नंतर खानावळीत कॉफी झाली. हेर ब्रांडेस म्हणाले, मी इटलीत पकडला गेलो तेव्हा हाताच्या जखमेला चिंधी बांधून एका मिशीवाल्या हिंदी शिपायानं मला चहा पाजला होता, इतका गोड चहा मी जन्मात प्यालो नव्हतो. मी म्हटलं, मिशीवाले आमच्याकडे पुष्कळ आहेत. (तो तुम्ही असाल असं मी म्हणणार नाही. तुम्ही कुणाला चहा करून दिल्याचं काकूच्या ऐकिवात नाही.) गावात आता असं पक्कं झालंय की हिंदुस्थानात वीरांना नारळ वाहतात. किराणावाल्यानं मला थांबवून विचारलं, पुढच्या नोव्हेंबरसाठी आतापासून मागवून ठेवू का, आणि एकच पुरेल ना.

घरी आल्यावर मी फ्राऊ ल्यूडर्सला सगळं खरं सांगितलं. आता माझ्याकडे क्रियापदं आहेत. ती शाल पांघरूनच बसली होती. वर येऊन तुमच्या फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे आता हे म्हातारे झाले असतील. म्हटलं, झाले, आणि हट्टीही. ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं विचारलं, "मग जो परत आला नाही, तो कोण?" मी म्हटलं, माझे वडील, भास्कर. ती म्हणाली, पण ते तर तुमचंच नाव आहे, तुमच्या पाकिटांवर असतं. तेव्हा मी तिला आपली रीत सांगितली, की आमच्यात बापाचं नाव मुलाच्या नावाच्या मध्ये घालतात. त्यावर तिनं वडील कधी गेले ते विचारलं, मग म्हणाली, विल्हेल्मही इटलीतच गेला, त्याच हिवाळ्यात. हे मला आजवर माहीत नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "कोण जाणे, त्या दोघांची ओळखही झाली असेल." आबा, तिनं हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मी मान हलवली.

मग ती म्हणाली, ब्रांडेसना सांगते, पुढच्या वर्षी बरोबर नाव वाचतील, तुम्ही इथे असा नसा. तुमचे वडील इटलीत नेमके कुठे गेले, कसे गेले? मी म्हटलं, माहीत नाही. कसे होते? माहीत नाही. मला रसातली साखर दशांशापर्यंत सांगता येते, पण बापाविषयी सांगायला माझ्याकडे 'हसरा' एवढा एकच शब्द आहे, तोही काकूचा. ती मात्र विल्हेल्मबद्दल संध्याकाळभर बोलत होती. तो चव घ्यायच्या आधीच मीठ घालायचा, त्याला शीळ घालता यायची नाही, पोहायला भ्यायचा. मला बदल्यात काहीतरी सांगायला हवं होतं. शेवटी मी तुमची म्हैस सांगितली.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर अंडं बंद होईल. सोमवारी दोन आली. दुसरं तुमचं, जिवंत असल्याचं. पत्र फार लांबलं, तिकीट जास्त लागणार. काकूला नमस्कार, म्हशीला गोंजारणं. कळावे, लोभ आहेच, तो थोडा बोलून दाखवलात तर चालेल.

तुमचा,
श्रीनाथ भास्कर शेलार

ता. क. दिनकररावांना तुम्ही सांगितल्याप्रमाणे कळवलं. आबा सत्काराला येणार आहेत, असं कळवलं. आता गावात तमाशा नको, गुपचूप जा. तुम्ही का नाही म्हणता ते मला कळत नाही असं समजू नका. दोघे भाऊ एका पलटणीत गेलात आणि खुर्ची एकालाच मांडणार, हे तुम्हाला बघवत नाही. मलाही बघवलं नसतं. पण तिथली शाल मिळाली की काकूला द्या, म्हणजे इकडची कुठे गेली हे ती विचारणार नाही.

ता. क. आणखी. लाउडस्पीकर पुढे करतील तेव्हा भाषण करू नका. फक्त त्यांचं नाव घ्या. लढाईवरून तुम्ही एकटे परत आलात त्या दिवसापासून तुमच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे, इथे पोस्टमन हाक मारतो, सगळे ते माझ्या नावाच्या मध्ये धरून घेतात, दोन्हीकडून दाबलेलं. तुम्ही ते बाहेर काढून एकदा एकटं म्हणा. आवाज फाटला तर हेडमास्तर म्हणतील, लाउडस्पीकर बिघडला.

ता. क. शेवटचं. तुम्ही त्यांच्या जवळ होतात. कुठे, कसं, ते लिहा. त्यांना शीळ घालता यायची का? मिठाचं काय? ते रजेवर आले तेव्हा मी बोलायला लागलो होतो का, आणि लागलो असेन तर त्यांना काय म्हणत होतो? उत्तर कार्डावर पाठवलंत तरी चालेल. फक्त या खेपेला म्हशीला एकच ओळ द्या.